मेमरी वाचवायची, पण कशाच्या जिवावर?

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगावकडे निघाले की ओझर लागते. इथल्या एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखान्याशी 'मिग' हे नाव कायमचे चिकटले आहे, कारण १९६४ साली तो उभा राहिला तोच मिग-२१ बांधण्यासाठी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि बरोबर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए लढाऊ विमान आकाशात झेपावले.

या दोन विमानांमधला एक मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही. तेजसची रचना चपळपणासाठी मुद्दाम अस्थिर ठेवलेली आहे. वैमानिकाची आज्ञा आधी संगणकाकडे जाते आणि संगणक पंखांच्या हलत्या भागांना क्षणोक्षणी सूचना देत विमानाचा तोल राखतो. तो थांबला तर वैमानिक कितीही कसलेला असला तरी विमान सावरू शकत नाही. म्हणून या उड्डाण नियंत्रण संगणकाचे चार समांतर मार्ग असतात. मार्क-१ए साठीचा हा संगणक बंगळुरूच्या एडीई या डीआरडीओच्या संस्थेने विकसित केला आणि १९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो बंगळुरूतच पहिल्यांदा विमानातून उडाला. त्यातली आज्ञावली 'डीओ-१७८सी' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 'ए' पातळीची आहे. जिथे आज्ञावली चुकली तर विमान आणि माणसे दोन्ही जाऊ शकतात, तिथे ही पातळी लागते. ती गाठण्यासाठी एकूण ७१ उद्दिष्टे पुरी झाल्याचा पुरावा द्यावा लागतो.

त्या मानकातला एक मुद्दा या लेखाचा विषय आहे. कोडच्या ज्या ओळी कोणत्याही गरजेतून आलेल्या नाहीत आणि ज्या कधीच चालणार नाहीत, त्यांना मानक 'मृत कोड' म्हणते आणि काढून टाकायला सांगते. काही ओळी मात्र जाणूनबुजून ठेवलेल्या असतात, उदाहरणार्थ विमानाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी. तो झाला 'निष्क्रिय केलेला कोड'. तो ठेवता येतो, पण चुकूनही जागा होणार नाही हे सिद्ध करावे लागते. म्हणजे काढणे हा एक निर्णय, ठेवणे हा दुसरा, आणि दोन्हींना पुरावा लागतो. आपल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत सगळीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हाच प्रश्न रोज उभा राहतो. तिथे अनेकदा काढण्यामागचा हेतू मेमरी वाचवण्याचा असतो, आणि काय वाचते व काय धोक्यात जाते याचा हिशेब मांडणे वाटते तितके सोपे नाही.

तळघरातली काटकसर

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. संगणक सुरू असेपर्यंत तो मेमरीत असतो. बाकीचे कार्यक्रम गरजेप्रमाणे येतात-जातात, त्यांची कमी वापरातली मेमरी डिस्कवर हलवता येते. लिनक्ससारख्या सिस्टिममध्ये कर्नलच्या स्वतःच्या मेमरीला ती सवलत नाही. कर्नलने घेतलेला प्रत्येक बाइट इतरांच्या वाट्यातून कायमचा वजा होतो, म्हणून तिथली काटकसर पिढ्यानपिढ्या चांगल्या प्रोग्रामरचे लक्षण मानली गेली.

पण कर्नलमधली चूकही वेगळ्या जातीची असते. साध्या अ‍ॅपने भलत्या मेमरीत हात घातला तर कर्नल त्याला अडवतो आणि फार तर ते अ‍ॅप बंद पडते. कर्नलनेच तसे केले तर त्याला अडवणारा वर कोणी नाही. तो कोणाचीही माहिती पुसू शकतो, आणि ती पुसली गेल्याचे तासाभराने, कुठल्यातरी असंबद्ध ठिकाणी कळते.

वापरा आणि सोडून द्या

लिनक्सच्या कर्नलने काटकसरीची एक देखणी युक्ती वर्षानुवर्षे वापरली आहे. संगणक सुरू होताना करायची पुष्कळ कामे एकदाच करायची असतात: किती मेमरी आहे ते पाहणे, प्रोसेसर ओळखणे, तक्ते मांडणे. ही कामे करणाऱ्या कोडवर आणि त्याच्या माहितीवर प्रोग्रामर 'इनिट' अशी खूण करतो. खूण केलेला सगळा भाग मेमरीत एकत्र ठेवला जातो आणि सुरुवातीची कामे संपली की ती पूर्ण जागा मोकळी करून इतरांना वाटली जाते. लिनक्स सुरू होतानाच्या नोंदींमध्ये 'न वापरलेली कर्नल मेमरी मोकळी करत आहे' अशा अर्थाची ओळ आणि पुढे किलोबाइटचा आकडा दिसतो, तो याचाच.

नाशिककरांना ही व्यवस्था लगेच समजेल. सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभे राहते, रस्ते, नळ, तंबू, आखाड्यांच्या जागा असे सगळे गाव वसते. पर्वणी आटोपली की ते उठते आणि त्यासाठी तात्पुरती घेतलेली जमीन पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागते. यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच, की कोणाकडे तिथला जुना पत्ता राहिला आणि तो पाच वर्षांनी सामान घेऊन त्याच पत्त्यावर आला, तर सामान उतरेल ते दुसऱ्याच्या उभ्या पिकात. कर्नलमध्ये नेमके हेच घडू शकते. 'इनिट' खुणेच्या जागेचा पत्ता नंतर चालणाऱ्या कोडमध्ये राहिला, तर तो कोड तिथे जाऊन लिहितो, आणि तोवर तिथे कोणा दुसऱ्याची माहिती आलेली असते.

हा धोका कर्नलकर्त्यांना माहीत होता. म्हणून कर्नल तयार होत असतानाच एक साधन सगळे पत्ते तपासते आणि कायमच्या भागातून तात्पुरत्या भागाकडे बोट दिसले की इशारा देते. मोकळी केलेली जागा आधी ठरावीक आकड्याने भरून टाकण्याचीही सोय आहे. हा आकडा २०४. तो निवडण्यामागे विचार आहे: इंटेलच्या प्रोसेसरला २०४ ही आज्ञा म्हणून दिली तर तिचा अर्थ 'इथेच थांब आणि कळव' असा होतो. म्हणजे तिथे दुसरे कोणी राहायला येण्याआधी जुन्या पत्त्यावरचा कोड चालवण्याचा प्रयत्न झाला, तर चूक लगेच उघडी पडते.

इतके असूनही २०१३ मध्ये एक नमुनेदार चूक सापडली. प्रोसेसरला एक विशिष्ट सुरक्षा-सोय आहे की नाही हे लक्षात ठेवणारे एक व्हेरिएबल कर्नलमध्ये घातले गेले होते. त्याचा मुख्य वापर सुरुवातीच्या कामांत, म्हणून त्यावर 'इनिट'ची खूण केली. पण त्यातला एक बिट चालू करण्याचे काम दुय्यम प्रोसेसर जागा होताना दर वेळी होत असे. लॅपटॉप झोपवून पुन्हा उठवला की पहिला सोडून बाकीचे सगळे प्रोसेसर नव्याने जागे होतात. प्रत्येक जण त्या जुन्या पत्त्यावर जाऊन एक बिट बदलायचा, आणि तिथे तोवर भलत्याच कोणाची तरी माहिती असायची. एकच बिट! कधी काही बिघडायचे नाही, कधी कर्नलच्या मेमरीच्या नोंदी खराब व्हायच्या. ही चूक लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतः दुरुस्त केली. दुरुस्ती म्हणजे ती खूण काढणे. 'इनिट' म्हणून वाचले होते आठ-दहा बाइट.

वाचवणेच बंद करण्याचा निर्णय

'इनिट'ला पुढे भावंडे झाली. 'डेव्हइनिट' ही खूण उपकरणे ओळखणाऱ्या कोडसाठी होती. त्यामागचा विचार असा, की चालू संगणकाला नवे उपकरण जोडण्याची सोय नसेल तर हा कोडही सुरुवातीनंतर सोडून देता येईल. 'सीपीयूइनिट' ही तशीच खूण प्रोसेसरबाबत. म्हणजे कोणता भाग सोडायचा हे कर्नल कोणत्या पर्यायांसह बनवला यावर ठरू लागले. एकाच ओळीवरची खूण एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्यावर घातक ठरू शकत होती.

दरम्यान जग बदलले. पेन ड्राइव्ह चालू संगणकाला न लावणारा आज कोण आहे? अनेक कोअरचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप झोपवतानाही प्रोसेसर काढण्या-घालण्याचीच यंत्रणा लागते. त्यामुळे बहुतेक यंत्रांवर या खुणांमुळे काहीच वाचेनासे झाले. खुणा मात्र हजारो ठिकाणी होत्या, त्यांच्या तपासणीचे इशारे होते, त्यांच्या चुका होत्या आणि प्रत्येक नव्या प्रोग्रामरला त्यांचे नियम शिकावे लागत होते.

कर्नलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या पुढाकाराने 'डेव्हइनिट'चे सगळे कुटुंब काढण्यात आले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेली ३.८ ही आवृत्ती त्याविना आली. त्याच वर्षी दुसरे विकासक पॉल गोर्टमेकर यांनी 'सीपीयूइनिट' काढायला घेतले; ३.११ आवृत्तीत ते काम झाले. त्यांनी दिलेले कारण स्वच्छ होते: मेमरी तुटपुंजी होती तेव्हा या युक्तीला अर्थ होता, आता होणारी बचत तिच्यामुळे येणाऱ्या गुंतागुंतीची भरपाई करत नाही. अशा खुणा चुकल्या की काय होते याचे उदाहरण म्हणून त्यांनी वर सांगितलेल्या एका बिटाच्या चुकीकडेच बोट दाखवले.

ही साफसफाई लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण हिने मेमरी वाचवली नाही. काही यंत्रांवर थोडी जास्तच लागली. कोड साधा झाला, चुकायच्या जागा कमी झाल्या आणि त्यासाठी काही किलोबाइट जाणीवपूर्वक खर्च केले गेले. मूळ 'इनिट' खूण मात्र आजही आहे. तिचा नियम एका वाक्यात सांगता येतो, यंत्र तो तपासू शकते आणि तिच्यामुळे एका झटक्यात काही मेगाबाइट मोकळे होतात. तिथे सौदा परवडतो.

चार, आठ, सोळा

दुसरे उदाहरण स्टॅकचे. कर्नलमध्ये चालणाऱ्या प्रत्येक थ्रेडला हिशेबाची कच्ची वही म्हणून मेमरीचा एक तुकडा मिळतो, त्याला स्टॅक म्हणतात. ३२ बिटांच्या इंटेल संगणकांवर तो ८ किलोबाइटचा होता. २००४ मध्ये, २.६.६ आवृत्तीत, तो ४ किलोबाइटवर आणण्याचा पर्याय आला. हजार थ्रेड असतील तर जवळपास ४ मेगाबाइट वाचणार, शिवाय ४ किलोबाइटचा एकसंध तुकडा मिळणेही सोपे. पण फाइल साठवण्याचे थर एकावर एक चढले, नेटवर्कवरची फाइल, खाली अनेक डिस्क जोडणारा थर, त्याखाली आणखी एक, की ४ किलोबाइट अपुरे पडत. स्टॅक आपली हद्द ओलांडून शेजारची माहिती खराब करी. काही वर्षांच्या अनुभवानंतर २.६.३७ आवृत्तीत हा पर्याय काढून टाकला.

पुढे उलटा प्रवास झाला. २०१४ मध्ये ३.१५ आवृत्तीत ६४ बिटांच्या इंटेल संगणकांवरचा स्टॅक ८ वरून १६ किलोबाइट केला. २०१६ अखेरीस ४.९ आवृत्तीने आणखी महत्त्वाची सोय दिली: स्टॅकला लागून एक मोकळा, मनाई केलेला पट्टा. स्टॅक ओसंडला की त्या पट्ट्याला स्पर्श होतो आणि प्रोसेसर तत्काळ बोंब मारतो. शेजाऱ्याची माहिती शाबूत राहते, चूक तिच्या जागीच पकडली जाते. हजार थ्रेडमागे वाढलेला खर्च सुमारे ८ मेगाबाइट, म्हणजे ४ गिगाबाइटच्या संगणकावर पाचशेवा हिस्सा. इतक्या किमतीत ओसंडण्याची वेळ क्वचित यावी आणि आलीच तर चूक लपू नये, हा सौदा कोणालाही पटेल.

एका रॉकेटचा हिशेब

संरक्षणाचे कुंपण न घालता बचत केली की काय होते याचे एक महागडे उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचे एरियन-५ रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले. त्यावरचे चार क्लस्टर उपग्रहही गेले. गणितज्ञ जाक-लुई लियाँस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलैमध्येच अहवाल दिला.

रॉकेटची दिशा व गती मोजणाऱ्या संगणकातली आज्ञावली जुन्या एरियन-४ मधून जशीच्या तशी आणलेली होती. तिच्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवायची होती, आणि १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. मर्यादा ओलांडू शकतील अशी सात व्हेरिएबल होती. चारांना संरक्षण दिले, तिघांना दिले नाही. कारण त्या संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. इथे वाचवायचा होता तो प्रोसेसरचा वेळ. त्या तीन संख्या मर्यादेत राहतील हे एरियन-४ च्या मार्गासाठी मान्य करण्यासारखे होते. एरियन-५ सुरुवातीलाच अधिक वेगाने आडवे सरकले आणि संख्या मर्यादेबाहेर गेली.

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. ज्या कामात ही चूक झाली ते काम उड्डाणानंतर निरुपयोगी होते. जमिनीवर उभ्या रॉकेटची दिशा जुळवण्याचा तो भाग होता. उलटगणती शेवटच्या क्षणी थांबली तर पुन्हा लवकर सुरू करता यावी, म्हणून पूर्वीच्या रॉकेटमध्ये तो उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवत. एरियन-५ ला ती गरज नव्हती, तरी तो भाग राहिला. म्हणजे जे कुंपण ठेवायला हवे होते ते काटकसरीपायी घातले नाही, आणि जे काम काढायला हवे होते ते 'चालते आहे तर हात कशाला लावा' म्हणून ठेवले. संगणक दोन होते, पण दोन्हींमध्ये तीच आज्ञावली. राखीव संगणक आधी बंद पडला, क्षणार्धात मुख्यही.

तेजसच्या चार मार्गांकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवे. एखादी तार तुटली, एखादी चिप जळली तर जास्तीचे मार्ग वाचवतात. सगळीकडे तीच ओळ चुकली असेल तर चार काय, दहा मार्गही वाचवत नाहीत. म्हणूनच 'ए' पातळीला प्रत्येक ओळीचा, प्रत्येक निर्णयाचा आणि त्या निर्णयातल्या प्रत्येक अटीचा स्वतंत्र परिणाम चाचणीत दाखवावा लागतो. मेमरी व स्टॅक किती लागेल आणि काम जास्तीत जास्त किती वेळ घेईल, याचेही विश्लेषण द्यावे लागते. तिथे काटकसर आणि सुरक्षा एकाच कागदावर मांडली जाते.

जिथे बाइट खरोखर मोजके असतात

यावरून 'मेमरी स्वस्त आहे, उधळा' असा निष्कर्ष काढला तर तोही घातक ठरेल. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पांसाठी वापरतात त्या अर्डुइनो ऊनो आर-३ बोर्डावर कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट असते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत ठिबकच्या वेळा सांभाळायला असा बोर्ड लावला, तर तिथे मनाई केलेला पट्टा ठेवण्याची सोयच नसते. स्टॅक वाढत वाढत व्हेरिएबलांवर चढतो आणि कोणी काही बोलत नाही. अशा ठिकाणी मेमरी वाचवणे हीच सुरक्षा आहे.

तिथेही कुठे वाचवायचे हे कळायला हवे. वेळ मोजणारा ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा आकडा ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येतो. वजाबाकी नीट केली तर काही बिघडत नाही. 'आताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का' एवढेच तपासले तर पन्नासाव्या दिवशी पाणी सुटायचे राहून जाऊ शकते किंवा नको तेव्हा सुटू शकते. ही फक्त छंदाच्या बोर्डांची गोष्ट नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने बोइंग ७८७ बाबत आदेश काढला: वीजनिर्मिती नियंत्रकातला एक गणक सलग २४८ दिवस चालू राहिल्यास ओसंडतो आणि चारही नियंत्रक एकदम सुरक्षित-स्थितीत जाऊन विमानाची मुख्य वीज जाऊ शकते. सेकंदाचा शंभरावा भाग ३२ बिटांच्या चिन्हांकित आकड्यात मोजला तर तो साधारण २४८ दिवसांनीच भरतो. जुन्या ३२ बिटांच्या सिस्टिममधली वेळही अशीच १९ जानेवारी २०३८ रोजी संपणार आहे. चार बाइट वाचवण्याची सवय इतक्या लांबवर सावली टाकते.

छोट्या यंत्रांचा मान राखून साफसफाई कशी करावी याचाही एक धडा आहे. लिनक्समध्ये मेमरी वाटून देणाऱ्या तीन यंत्रणा होत्या. त्यांतली 'स्लॉब' अगदी लहान यंत्रांसाठी होती. ती वापरणारे थोडे उरले आणि तिन्ही सांभाळण्याचा भार वाढला. २०२३ मध्ये, ६.४ आवृत्तीत, ती काढली. पण त्याआधीच मुख्य यंत्रणेत कमी मेमरीचा पर्याय तयार करून दिला होता. आधी सोय, मग विल्हेवाट, हा क्रम महत्त्वाचा आहे.

तोलायचे कसे

या सगळ्या उदाहरणांतून तीन प्रश्न हाती येतात आणि कोडची एक ओळ काढण्याआधी ते विचारावेत. पहिला: वाचते नेमके किती, आणि कोणत्या यंत्रावर? हे मोजून सांगा. 'डेव्हइनिट' बहुतेक यंत्रांवर काहीच वाचवत नव्हते, तरी सवयीने लिहिले जात होते. दुसरा: 'इथे पुन्हा कोणी येणार नाही' ही हमी कोण देतो? ती प्रोग्रामरच्या आठवणीवर असेल तर तो सौदा करू नये, कारण कोड लिहिणारा बदलतो, यंत्र बदलते, रॉकेटही बदलते. ती हमी यंत्राने दर वेळी तपासली पाहिजे. तिसरा: चूक झालीच तर ती ताबडतोब दिसेल की आतल्या आत पसरेल? चूक उघडी पाडण्यासाठी खर्च केलेला बाइट वाया गेलेला नसतो.

यातला दुसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाचलेले किलोबाइट आज मोजता येतात, म्हणून ते खरे वाटतात. गमावलेली सुरक्षा आज कुठेच दिसत नाही, म्हणून ती फुकट वाटते. जे मोजता येते त्याकडे मन झुकते, आणि हा झोक यंत्राच्या तपासणीनेच सावरता येतो.

नाशिकमध्ये अभियांत्रिकीची महाविद्यालये बरीच आहेत आणि ओझरसारखा कारखाना हाकेच्या अंतरावर आहे. इथल्या विद्यार्थ्यांना कोड लिहिण्याइतकाच कोड काढण्याचाही अभ्यास द्यायला हवा: प्रकल्पात किती मेमरी वाचवली याबरोबर ती कशाच्या भरवशावर वाचवली, हेही परीक्षकांनी विचारावे. त्याचे उत्तर 'मला माहीत आहे, तिथे कोणी जात नाही' असे असेल तर गुण कापावेत, आणि 'ही तपासणी पाहा' असे असेल तर भरभरून द्यावेत.